चपलेला लागलेली वाळू

एकदा एक खड्डा होता. अशी कथा राजापासून सुरू व्हावी, निदान एखाद्या ऋषीपासून, ही वाचकांची रास्त अपेक्षा असते. पण ही खड्ड्यापासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. वैनगंगेच्या काठच्या एका लहानशा गावात, बौद्ध वस्तीच्या मधोमध तो होता. खरं तर तो विहार होता. म्हणजे व्हायचा होता. पाया भरला, चारी बाजूंनी काळ्या दगडाचं जोतं उठलं, आणि नेमकं तिथे भांडण लागलं. पुंडलिकदादांच्या बाजूचे म्हणाले, विहार म्हटला की घुमट पाहिजे, नदीच्या पुलावरून दिसला पाहिजे. शेवंताबाईंच्या बाजूच्या म्हणाल्या, घुमटाखाली कुणाच्या पोरांचा अभ्यास होतो? सपाट छताचं सभागृह बांधा, उद्या वर मजला चढवता येईल. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच भांडण मिटेना. काम थांबलं. जोत्याच्या चार दगडी बाजूंमधली पोकळी पावसाळ्यात पाण्याने भरायची आणि उन्हाळ्यात तिच्यात वस्तीचा कचरा जमायचा.

त्या कामावरचा मिस्त्री होता सुगत. वय चाळिशीचं, हात सरळ, स्वभाव त्याहून सरळ. लहानपणी तो ज्या गुरुजींकडे अक्षरं गिरवायला शिकला, त्यांच्याकडेच टिनाच्या शेडमध्ये त्रिसरण आणि पंचशील म्हणायलाही शिकला होता. ते गुरुजी आता ऐंशीच्या पुढे गेले होते. रोज सकाळी काठी टेकत ते जोत्यापर्यंत येत, आत डोकावत आणि काही न बोलता परत जात. ते काही बोलत नसत, हेच सुगतला सहन होत नसे. या विहारात गुरुजींनी एकदा तरी बसून वंदना घ्यावी, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात होती. गुरुजींचे गुडघे मात्र वाट पाहायला फारसे तयार दिसत नव्हते.

अशात गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना एक प्रवास घडवायचं ठरवलं. थायलंडच्या उत्तरेला चियांग माई नावाचं जुनं शहर आहे, खंदकाने वेढलेलं, गल्लोगल्ली शतकानुशतकांची बुद्धमंदिरं असलेलं. तिथल्या एका विहारातले भिक्खू तरुणपणी नागपुरात शिकायला होते. त्यांनी उतरायची सोय केली. गुरुजींना सांभाळायला सोबत म्हणून सुगत निघाला. निघताना दोन्ही बाजू पहिल्यांदाच एकाच गोष्टीवर एकमत होऊन त्याच्या दारात आल्या. पुंडलिकदादा म्हणाले, "तिकडले विहार नीट पाहून घे. ज्याले कोनी नाही म्हनू शकनार नाही, असा एक आराखडा घेऊन ये." शेवंताबाई म्हणाल्या, "नाहीतर तो हौद तसाच राहीन बाप्पा. आमच्या म्हशीच धुवू मंग त्यात."

सुगतने मान हलवली. आराखडा आणला तर विहार, नाही तर खड्डा, आणि मध्ये गुरुजींचे गुडघे. एवढा हिशेब त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शहरात पोचल्याच्या दुसऱ्या सकाळपासून सुगत कामाला लागला. बाकीचे लोक देवळात हात जोडून शिरतात; हा टेप उलगडून शिरे. पायऱ्यांची उंची मोजी, खांबांचा घेर मोजी, दाराशी जबडा उघडून बसलेल्या नागांच्या फण्यांखाली वाकून त्यांचा पाया कसा धरलाय ते पाही. फोटो तर इतके काढले की फोन तापला. काळ्या सागवानाचं एक मंदिर त्याने पाहिलं. सोन्याच्या पत्र्याने मढवलेला एक स्तूप पाहिला, उन्हात त्याच्याकडे डोळे उघडून बघवेना. वरचा सगळा भाग कधीकाळी भूकंपात कोसळलेला एक प्रचंड विटांचा स्तूपही पाहिला, आणि त्याच्यासमोर मात्र सुगत टेप मिटून नुसता उभा राहिला.

"गुरुजी, एवढी शतकं झाली, याचा कळस परत काऊन नाही बांधला?"

"बांधला नाही खरा," गुरुजी म्हणाले. "पण बघ, लोक येतायत."

लोक खरंच येत होते. शिखर नसलेल्या त्या स्तूपाभोवती कमळाच्या कळ्या घेऊन फेऱ्या घालत होते. सुगतला ते पाहून आनंद झाला आणि लगोलग काळजीही वाटली. प्रत्येक सुंदर गोष्ट पाहिली की त्याच्या डोळ्यांसमोर वस्तीची सभा भरे. हे नक्षीचं छप्पर दाखवलं तर शेवंतामावशी म्हणणार, अभ्यास करता का पोरं नक्षीत? हे प्रशस्त दालन दाखवलं तर पुंडलिकदादा उठून जाणार. जितकी मंदिरं पाहावीत तितका त्याचा आराखडा लांब पळत होता.

त्यात गुरुजींनी एक नवीनच उद्योग सुरू केला होता. दर्शन झालं की प्रत्येक आवाराच्या दाराशी ते पायरीवर बसत, खिशातला चौकड्यांचा रुमाल मांडीवर पसरत, दोन्ही चपला हातात घेऊन त्यांचे तळ त्या रुमालावर हळूच झटकत. मग बोटांनी उरलीसुरली रेती खरवडून काढत, रुमालाची गाठ मारत आणि तो खिशात ठेवून चालू लागत. प्रत्येक मंदिरात हेच. एकदा एका गोऱ्या बाईंना वाटलं, आजोबांची चप्पल घाण झाली. त्यांनी पर्समधून ओला कागद काढून दिला. गुरुजींनी मान लववून तो घेतला, नीट घडी करून दुसऱ्या खिशात ठेवला आणि पुन्हा चपला झटकू लागले. सुगतला कुठे तोंड लपवावं कळेना.

"गुरुजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"चपला झटकतोय."

"ते दिसते मले. पन रुमालात कायले?"

"खाली झटकली तर रस्त्यावर जाईल ना रे."

या उत्तराने सुगतचं समाधान होणं शक्यच नव्हतं. वय झालं, दुसरं काय, असं त्याने मनाशी ठरवलं आणि त्याला वाईट वाटलं. इतक्या तल्लख माणसाचं असं व्हावं! त्याने गुरुजींचा हात जरा जास्तच घट्ट धरायला सुरुवात केली. गुरुजी मिश्कीलपणे हसले आणि त्यांनी तो धरू दिला.

मुक्कामाच्या विहारात संध्याकाळी वंदना होई. पहिल्या दिवशी थाई लोकांचं ते गाणं वाटणारं पठण सुगतला काही केल्या कळेना. मग एकाएकी कान उघडले. 'पुत्थं सरणं खच्छामि.' अरे, हे तर आपलंच! टिनाच्या शेडमध्ये गुरुजींनी छडी न उगारता पाठ करून घेतलेलं! त्याने आपल्या उच्चारात आवाज मिसळला. शेजारचा म्हातारा त्याच्याकडे बघून बोळकं पसरून हसला, आणि परक्या देशात आपण परके आहोत ही जाणीव सुगतच्या मनातून जी गेली ती परत आली नाही.

चौदा एप्रिल उजाडला. सुगतला पहाटेच जाग आली. आज गावी जयंती. निळे झेंडे लागले असतील, लाउडस्पीकर सुरू झाला असेल, पोरं नवे कपडे घालून मिरवत असतील. आपण मात्र इथे रिकाम्या हाताने बसलोय. इथेही नववर्षाचा सण होता. ते त्याला सोंगक्रान म्हणतात. आपला संक्रांत शब्दच तिकडे जाऊन उन्हाळ्यात नांदतो आहे, असं गुरुजींनी कौतुकाने सांगितलं होतं. पण सणाच्या दिवशी रिकामं बसणं सुगतच्या रक्तात नव्हतं. तो अंगणात आला.

अंगण स्वच्छ झाडलेलं होतं. फक्त मध्यभागी वाळूचा एक मोठा वेडावाकडा ढीग पडला होता, जवळच फावडं आणि लाकडी फळी होती. बांधकाम चालू असेल आणि गडी सणासाठी घरी गेले असतील, असं सुगतला वाटलं. मिस्त्रीच तो. वाळूचा ढीग असा पसरलेला पाहिला की त्याचे हात शिवशिवत. वाळू कशी, मोजायला बरी पडेल अशी चौकोनी रचून ठेवावी! ज्यांच्याकडे फुकट राहिलो, जेवलो, त्यांचं एवढं काम तरी करावं, या भल्या विचाराने त्याने फावडं उचललं. ढिगात खोचलेल्या दोन-चार रंगीत कागदी पताका त्याने पोरांचा खेळ समजून हलकेच बाजूला ठेवल्या. मग वरचा उंचवटा ओढला, कडा सरळ केल्या, फळी फिरवून माथा सपाट केला. कोपऱ्यांना ओळंबा लावावा इतकं देखणं काम झालं. सुगत कपाळाचा घाम पुसत मागे सरला आणि आपल्या कामाकडे समाधानाने पाहू लागला.

तेवढ्यात दारातून एक ठेंगणी म्हातारी आत आली. हातात वाळूने भरलेली बादली. तिने समोर पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की आतून यजमान भिक्खू धावत आले. त्यांनी चौकोनी वाळू पाहिली, सुगतच्या हातातलं फावडं पाहिलं, आणि नागपुरात शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "सुगतजी, ये आपने क्या किया? ये तो स्तूप था!"

सुगतच्या हातून फावडं गळून पडलं. जो माणूस समुद्र ओलांडून विहार कसा बांधावा हे शिकायला आला होता, त्याने सणाच्या दिवशी सकाळी सकाळी एक स्तूप मोडला होता. आणि तोही एवढ्या नीटनेटकेपणाने! डोळ्यांत पाणी आलं. तो म्हातारीपुढे हात जोडून उभा राहिला.

म्हातारी त्या सपाट चौकोनाकडे पाहत राहिली. एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून. मग तिच्या खांद्यांना कंप सुटला. ती हसत होती. हसता हसता खाली बसली, डोळे पुसले, भिक्खूंना काहीतरी म्हणाली. भिक्खूही हसू लागले.

"वो बोलती है, इतना सीधा स्तूप उसने जिंदगी में नहीं देखा."

मग म्हातारीने आपली बादली त्या चौकोनावर पालथी केली, रिकामी बादली सुगतच्या हातात दिली आणि नदीच्या दिशेने बोट दाखवलं. एवढी थाई कुणालाही कळते.

गुरुजी पायरीवर काठी घेऊन तयारच उभे होते. "चल," ते म्हणाले, "मीही येतो."

नदीकडे जाणारा रस्ता माणसांनी वाहत होता. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाकडे चांदीचं नक्षीदार भांडं, तर एक छोटी मुलगी नुसत्या ओंजळीत वाळू घेऊन, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून चालली होती. दोन्ही बाजूंनी लोक पाणी उडवत होते. सुगत चार पावलांत चिंब झाला. गुरुजींच्या खांद्यावर मात्र तरुण मुलं थांबून, वाकून, अत्तराचं पाणी अलगद ओतत आणि हात जोडत. ऐंशीच्या पुढचा तो माणूस लहान मुलासारखा खदखदून हसत होता. गुरुजींना असं हसताना सुगतने कधी पाहिलं नव्हतं. त्याने खिशात हात घातला तर टेप भिजून अडकलेला, उलगडेना की मिटेना. तो त्याने तसाच राहू दिला.

त्याने बादली भरून आणली, ओतली, पुन्हा गेला. इतरही ओतत होते. कुणी उजवीकडून, कुणी डावीकडून, कुणी वाकून, कुणी लांबूनच भिरकावून. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तरी सुगतच्या सपाट चौकोनावर हळूहळू एक शिखर उठत होतं. बाजू आपोआप उतरत्या होत होत्या. वाळू जिथे घसरायची तिथे घसरली, थांबायची तिथे थांबली. सुगत पाहतच राहिला. आयुष्यभर वाळू चाळली, पण हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांनी एकाच जागी ओतलं की वाळू स्वतःच स्तूप होते. कुठे आराखडा नाही आणि मिस्त्रीही नाही.

मग गुरुजी पुढे आले. खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला, गाठ सोडली आणि त्यातली चिमूट-दोन चिमूट रेती त्यांनी ढिगाच्या माथ्यावर ओतली. रुमाल झटकला. एक कणही ठेवला नाही.

सुगतला एकदम सगळं उमगलं, आणि तरीही ऐकायचं होतं. "सांगा ना, गुरुजी."

गुरुजी पायरीवर टेकले. "पहिल्याच दिवशी आपल्या यजमान भन्तेंनी मला ही रीत सांगितली. इथली माणसं म्हणतात, वर्षभर आपण विहारात येतो आणि जाताना आपल्या तळव्यांना चिकटून इथली माती नकळत बाहेर जाते. मुद्दाम कुणी नेत नाही, पण जाते. म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांनी ती परत आणायची. नेली असेल चिमूटभर; आणायची बादलीभर. एवढ्यावर ही मंदिरं उभी आहेत, सोन्यावर नव्हे. सुगत, तू इथे आल्यापासून एकच प्रश्न विचारतो आहेस, इथून काय नेता येईल? वस्तीतही सगळे तोच विचारतात. विहार मला काय देणार, घुमट की दालन? ज्या दिवशी एक माणूस विचारेल की मी काय आणू, त्या दिवशी बांधकाम सुरू होईल."

सुगत ओल्या बादलीवर हात ठेवून उभा राहिला. गुरुजींचं बोलणं संपलं होतं, पण त्याचं मिस्त्रीचं डोकं आता कुठे चालू लागलं होतं. काळ्या दगडाचं जोतं. आतली पोकळी. घुमट बांधा की छत टाका, आधी काय लागतं? त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि तो इतक्या जोरात हसला की म्हातारी दचकली.

भिक्खूंच्या फोनवरून त्याने गावी फोन लावला. पडद्यावर निळे झेंडे दिसले, गुलाबी फेटा बांधलेले पुंडलिकदादा दिसले, आणि त्यांना ढकलून शेवंताबाई पुढे आल्या.

"अरे, किती वल्ला झाला तू! आराखडा भेटला का?"

"नाही भेटला, मावशी."

"मंग तिकडं केलं काय एवढे दिवस?"

"एक स्तूप मोडला अन् एक बांधला. मावशी, दादा, मले एवढंच सांगा, जोत्यात भरनी कशासाठी लागते? घुमटासाठी का हॉलसाठी?"

पुंडलिकदादा वैतागले. "हे काय इचारनं झालं का? दोनीले लागते. भरनीबिगर काय हवेत बांधतं का?"

"मंग इतके दिवस भरली काऊन नाही आपन?"

लाउडस्पीकरवर गाणं वाजत होतं. पुंडलिकदादांनी फेटा सरळ केला, आणि दोघंही मान वळवून जोत्याकडे पाहू लागले.

वैशाखाच्या पौर्णिमेला, ऊन चढायच्या आत, वस्ती जोत्याभोवती जमली. आदल्या आठवड्यात पोरांनी आतला कचरा काढून टाकला होता. सुगतने कुणालाही मुरूम मागवू दिला नाही. प्रत्येकाने आपल्या दारातून आणायचं, एवढंच सांगितलं. घमेली आली, टोपल्या आल्या, एकाने मोटरसायकलवर पोतं आणलं. पुंडलिकदादांनी आपल्या अंगणातली माती ओतली. शेवंताबाईंनी त्यांच्या शेजारी ओतली, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता फावडं मात्र आळीपाळीने वापरलं. सूर्य माथ्यावर यायच्या आत एक बाजू भरली. त्यानंतरच्या रविवारी उरलेली भरली. सुगतने पाणी मारलं, धुम्मसाने माती ठोकून घट्ट केली आणि वर फरशी बसवली. ओळंबा आणि पातळी लावायला मात्र तो विसरला नाही, कारण वाळू स्वतः स्तूप होते, पण फरशी स्वतः सपाट होत नाही.

मग गुरुजींना हाताला धरून वर चढवलं. छत नव्हतं. भिंती नव्हत्या. वर नुसतं स्वच्छ आकाश होतं. गुरुजी मधोमध बसले, गुडघ्यांनी थोडी कुरकूर केली ती त्यांनी ऐकली नाही, आणि डोळे मिटून वंदना सुरू केली. सगळी वस्ती त्यांच्यामागे म्हणू लागली. सुगतच्या तोंडून एकदा चुकून 'पुत्थं' निघालं, तेव्हा गुरुजींनी डोळे न उघडता हसून मान डोलावली. सुगत रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

छताचं अजून ठरलेलं नाही. घुमटवाले घुमट सोडायला तयार नाहीत आणि सभागृहवाल्या सभागृह. फरक इतकाच की आता भांडायला सगळे जोत्यावर येऊन बसतात. पोरं एका कोपऱ्यात अभ्यास करतात, म्हातारे दुसऱ्या कोपऱ्यात गप्पा मारतात, आणि संध्याकाळी उठून घरी निघताना प्रत्येक जण फरशीच्या कडेला थांबून आपल्या चपला आतल्या बाजूला झटकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी येतात आणि ती चिमूटभर माती झाडून जोत्याच्या पायाशी घालतात, विहाराची माती विहारातच राहावी म्हणून.